साहेब ‘टुम’ का म्हणतो?

गेल्या पावसाळ्यातल्या एका रविवारी दादरच्या आमच्या घरी तीन पिढ्या एका टीव्हीसमोर बसल्या होत्या. लंडनला दोन वर्षे नोकरी करून परतलेल्या माझ्या भाच्याने ‘मेरी पॉपिन्स’ हा १९६४ सालचा चित्रपट लावला होता. धुराडी साफ करणाऱ्या बर्टने तोंड उघडले मात्र, भाचा हसत सुटला. आईला त्या हसण्याचा अर्थ कळेना. ‘‘हसतोस काय एवढा? चांगलं फाडफाड बोलतोय की तो,’’ असे तिने म्हटल्यावर ‘‘आजी, लंडनमध्ये असं कोणी बोलत नाही गं,’’ एवढेच तो सांगू शकला. तासाभराने एका वाहिनीवर जुना हिंदी चित्रपट लागला, त्यात गोऱ्या अधिकाऱ्याने ‘टुम लोग’ अशी सुरुवात केली आणि या वेळी दोघेही हसले. संध्याकाळी एका हिंदी मालिकेतल्या ‘मराठी’ आईने आपल्या मुलाला ‘बाला’ अशी हाक मारली, तेव्हा मात्र आई चिडली. भाच्याबरोबर आलेल्या त्याच्या दिल्लीच्या मित्राला या चिडण्याचे कारण समजेना, कारण ‘बाळा’ आणि ‘बाला’ हे दोन्ही शब्द त्याच्या कानाला एकच होते.

एकाच खोलीत, एकाच दिवशी तीन बनावट उच्चार ऐकू आले आणि दर वेळी ते खटकले ते वेगवेगळ्या माणसांना. नावाजलेल्या नटांना परक्या देशातल्या माणसाचे बोलणे का जमत नाही, हा प्रश्न चित्रपटांविषयी बोलताना नेहमी निघतो आणि त्याचे उत्तर बहुधा ‘मेहनत घेतली नाही’ एवढ्यावर संपते. मेहनतीचा भाग आहेच, पण नट ज्या प्रेक्षकासाठी बोलतो त्याच्या कानाचा भाग त्याहून मोठा आहे, असे मला वाटते.

ढब म्हणजे नेमके काय?

इंग्रजीतल्या अ‍ॅक्सेंट या शब्दाला मराठीत नेमका एक शब्द नाही. हेल म्हणजे वाक्याचा चढउतार, उच्चार म्हणजे एकेका ध्वनीचे बोलणे आणि आघात म्हणजे शब्दातल्या एखाद्या अक्षरावर पडणारा जोर. या तिन्हींची मिळून जी बनते तिला या लेखात ‘ढब’ म्हणू. ढब प्रत्येकाला असते. आपल्याला आपली ऐकू येत नाही, इतकेच.

यातला ध्वनींचा भाग आधी पाहू. ‘ताक’ आणि ‘टाक’ या दोन शब्दांत फरक फक्त पहिल्या व्यंजनाचा आहे, पण तेवढ्याने अर्थ पूर्ण बदलतो. ज्या ध्वनींची अदलाबदल केली असता शब्दाचा अर्थ बदलतो, त्यांना भाषाशास्त्रात त्या भाषेचे स्वनिम म्हणतात. मराठीत त आणि ट हे दोन वेगळे स्वनिम आहेत, प आणि फ हेही (‘पळ’ आणि ‘फळ’), तसेच ल आणि ळ हेही; नाही तर गोपाळकाल्यातला ‘काला’ आणि रंगाने ‘काळा’ यांत गल्लत झाली असती.

आता स्वयंपाकघरातला मिसळणाचा डबा डोळ्यांसमोर आणावा. त्यात जितक्या वाट्या, तितकेच प्रकार वेगळे राहू शकतात. बाहेरून एखादा नवा मसाला आला आणि त्याच्यासाठी वाटी नसली, तर तो सगळ्यांत जवळच्या वाटीत ओतला जातो आणि मग तो वेगळा होता हेही कोणाच्या लक्षात राहत नाही. प्रत्येक भाषेचा कान हा असाच डबा आहे. त म्हणताना आपली जीभ वरच्या दातांना टेकते आणि ट म्हणताना ती मागे वळून टाळूकडे जाते. इंग्रज माणसाची जीभ या दोन्हींच्या मधोमध, दातांमागच्या हिरडीच्या उंचवट्यावर टेकते आणि त्याच्या डब्यात या भागात वाटी एकच असते. त्याचा तो मधला ध्वनी आपल्या कानावर पडला की आपण तो ट च्या वाटीत टाकतो. म्हणूनच टेबल, टॉवेल, डॉक्टर हे सगळे शब्द मराठीत ट आणि ड घेऊन आले. (‘तिकीट’ हा शब्द पहिल्या अक्षरापुरता निसटला, तो का हे एक वेगळे संशोधन होईल.) साहेब ‘तुम’ म्हणायला जातो, त्याची जीभ सवयीच्या जागी टेकते आणि आपल्याला ‘टुम’ ऐकू येते.

उलट दिशेनेही हेच घडते. इंग्रजीत व्ही आणि डब्ल्यू या अक्षरांचे ध्वनी निरनिराळे आहेत. आपल्याकडे त्या दोघांसाठी व ही एकच वाटी आहे. इंग्रजीत शब्दाच्या सुरुवातीला येणाऱ्या प बरोबर हवेचा झोत सुटतो. टिश्यू पेपरचा पातळ तुकडा ओठांसमोर धरून मराठी पद्धतीने ‘पेन’ म्हणावे, कागद जवळजवळ हलत नाही. लंडनच्या माणसाने तोच शब्द म्हटला तर कागद उडतो, कारण त्याचा प आपल्या फ च्या जवळचा असतो. हा प्रयोग आम्ही त्या रविवारी केला आणि भाच्याच्या कागदाने दोन वर्षांची लंडनची नोकरी सिद्ध केली.

कान कधी पक्का होतो?

हा डबा जन्मतः पक्का नसतो. कॅनडातले मानसशास्त्रज्ञ जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीस यांनी १९८४ साली प्रसिद्ध केलेला प्रयोग आपल्या दृष्टीने फार मोलाचा आहे, कारण त्यात वापरलेली एक जोडी हिंदीतल्या त आणि ट चीच होती. इंग्रजी बोलणाऱ्या घरांतल्या तान्ह्या बाळांना एकच अक्षर पुन्हा पुन्हा ऐकवायचे आणि मध्येच ते बदलायचे. बदल ओळखून बाळाने मान वळवली की त्याला एक हलणारे खेळणे दिसायचे. सहा ते आठ महिन्यांची बहुतेक बाळे हा बदल ओळखत होती. दहा ते बारा महिन्यांची मात्र बहुतेक सगळी तो ओळखेनाशी झाली होती, कारण तोवर त्यांच्या कानाने घरात ऐकू येणाऱ्या भाषेपुरत्या वाट्या ठेवून बाकीच्या काढून टाकल्या होत्या.

पाळण्यातच पक्क्या झालेल्या या सवयीशी तिशी-चाळिशीतल्या नटाला चित्रीकरणापूर्वीच्या काही आठवड्यांत झगडायचे असते. जो फरक ऐकूच येत नाही तो तोंडातून काढायचा कसा, ही त्याची पहिली अडचण आहे. मोठेपणी कान पुन्हा घडवता येत नाही असे नव्हे, पण त्याला वेळ, चिकाटी आणि चुकले की लगेच टोकणारा माणूस लागतो.

नकली साहेबाची चोरी कुठे पकडली जाते?

‘टुम’ हे इतके खरे असेल, तर हिंदी चित्रपटातला साहेब आपल्याला खोटा का वाटतो? त्याच्या पुढच्या वाक्याकडे कान द्यावेत. ‘टुम’ म्हणणारा हा साहेब दुसऱ्याच क्षणी ‘भाग जाओ’, ‘धोखा’, ‘घोडा’ हे शब्द पुणेरी स्वच्छपणाने म्हणतो. इंग्रजीत भ, ध, घ हे ध्वनी मुळीच नाहीत. जो माणूस त वर अडखळतो तो भ वर त्याहून अधिक अडखळायला हवा; पण लेखकाने साहेबाची एकच खूण लक्षात ठेवलेली असते, नट ती प्रामाणिकपणे पाळतो आणि उरलेले सगळे ध्वनी आपल्या स्वतःच्या डब्यातले काढतो.

परकी ढब फसते ती जवळजवळ नेहमी अशीच. ऐकणाऱ्याच्या मनात ठसलेल्या दोन-तीन ठळक खुणा नट उचलतो, त्या गरजेपेक्षा मोठ्या करतो आणि मधल्या बारीक गोष्टी, म्हणजे आघात, स्वरांची लांबी, वाक्य कुठे खाली उतरते ती जागा, या स्वतःच्याच राहू देतो. लंडनच्या पूर्व भागातल्या कष्टकऱ्यांच्या कॉकनी बोलीत शब्दाच्या आरंभीचा ह गळतो, ‘डे’ हा शब्द ‘डाय’ कडे झुकतो आणि शब्दाच्या शेवटचा ट अनेकदा घशातच अडतो. अमेरिकेच्या मिझुरी राज्यात जन्मलेल्या डिक व्हॅन डाइक या नटाने बर्टच्या तोंडी या खुणा घातल्या, पण दोन खुणांच्या मधल्या जागेत अमेरिका सारखी डोकावत राहिली. गंमत अशी की त्याच चित्रपटात त्याने बँकेच्या जख्ख म्हाताऱ्या इंग्रज मालकाचीही भूमिका केली आहे आणि तिच्याविषयी फारशी कोणी तक्रार करत नाही. म्हाताऱ्याचा कापरा आवाज पुष्कळ काही झाकून नेतो. सुमारे अर्ध्या शतकानंतर, २०१७ साली, ब्रिटिश चित्रपट अकादमीने अमेरिकेत त्याचा सन्मान जाहीर केला, तेव्हा त्याने त्या कॉकनीबद्दल ब्रिटिशांची हसत हसत माफी मागितली.

बोलपट आला आणि अनेकांची बोबडी वळली

मूकपटात ढब हा प्रश्नच नव्हता. १४ मार्च १९३१ रोजी गिरगावातल्या मॅजेस्टिक चित्रपटगृहात ‘आलम आरा’ झळकला आणि मुंबईच्या चित्रसृष्टीत प्रथमच चेहऱ्याइतकीच जिभेची किंमत झाली. सुलोचना या नावाने गाजलेली रूबी मायर्स ही मूकपटांच्या काळातली सर्वांत मोठ्या तारकांपैकी एक होती; बगदादी ज्यू घराण्यातल्या, आधी टेलिफोन ऑपरेटरची नोकरी केलेल्या या मुलीची हिंदुस्तानी भाषा कच्ची होती. तिने काम थांबवून वर्षभर भाषा शिकून घेतली आणि मग बोलपटांत पुनरागमन केले. अनेकांना ते जमले नाही.

हॉलिवूडमध्येही हेच चालले होते. उत्कृष्ट अभिनेत्याचे पहिलेवहिले ऑस्कर मिळवणारा एमिल यानिंग्स याची जर्मन ढब एवढी जड होती की बोलपटांचे वारे वाहू लागताच तो जर्मनीला परतला. स्वीडनच्या ग्रेटा गार्बोच्या बाबतीत स्टुडिओने शहाणपणा केला. तिच्या पहिल्या बोलपटासाठी, १९३० सालच्या ‘अ‍ॅना ख्रिस्ती’साठी, स्वीडिश खलाशाच्या मुलीची भूमिका निवडली गेली आणि ‘गार्बो बोलते’ हीच त्याची जाहिरात झाली. ढब भूमिकेला जुळवण्याऐवजी भूमिकाच ढबीला जुळवली गेली. मुंबईत वाडिया मूव्हीटोनने नाडियासाठी जवळपास हेच केले. ऑस्ट्रेलियात जन्मलेल्या या गोऱ्या, चाबूकधारी नायिकेचे हिंदी उघडच परके होते. १९३५ सालच्या ‘हंटरवाली’त तिला लांब संवादांपेक्षा घोडा आणि मारामारी अधिक मिळाली आणि प्रेक्षकांनी तिला डोक्यावर घेतले.

याच काळातला आणखी एक किस्सा ढबीच्या खरेपणाबद्दल बरेच काही सांगतो. १९३१ साली ‘ड्रॅक्युला’त काउंटची भूमिका करणारा बेला लुगोसी हा मूळचा हंगेरियन होता आणि ती जड, थांबत थांबत येणारी इंग्रजी त्याची स्वतःची होती. नंतरच्या कित्येक नटांनी, कार्टूनमधल्या पात्रांनी आणि गॅदरिंगमधल्या पोरांनी ‘रक्तपिपासू माणूस असाच बोलतो’ असे समजून तिची नक्कल केली. एका माणसाची अस्सल ढब पुढे एका अस्तित्वात नसलेल्या जमातीची बनावट ढब झाली.

जर्मन माणूस जर्मन माणसाशी मोडके इंग्रजी का बोलतो?

हा आक्षेप अगदी रास्त आहे. युद्धपटात दोन जर्मन अधिकारी एकांतात बोलत असतात. ते आपापसात जर्मन बोलत आहेत आणि आपल्याला ते इंग्रजीत ऐकवले जात आहे, असा संकेत आपण मान्य केलेला असतो. मग त्यांनी इंग्रजी अडखळत बोलायचे कारण काय? स्वतःच्या भाषेत कोणीच अडखळत नाही. आगरकरांनी ‘हॅम्लेट’चे ‘विकारविलसित’ केले, ते १८८३ साली प्रसिद्ध झाले, आणि गणपतराव जोशांनी रंगभूमीवर तो राजपुत्र गाजवला. त्या डेन्मार्कच्या राजपुत्राने डॅनिश ढबीत मराठी बोलावे असे एकाही प्रेक्षकाच्या मनात आले नसेल. अनुवादाचा संकेत एकदा मानला की ढब मुळात अनावश्यकच ठरते.

तरीही चित्रपट ती घालतात, कारण ढब ही त्यांच्यासाठी पाटी असते. रस्त्यावर चौकाचौकांत नावाची पाटी असावी तशी ती दर वाक्याला प्रेक्षकाला आठवण करून देते की आपण बर्लिनमध्ये आहोत. काही दिग्दर्शकांनी ही पाटी एकदाच लावून काढून घेण्याची युक्ती केली. ‘जजमेंट अ‍ॅट न्यूरेंबर्ग’ या १९६१ सालच्या चित्रपटात बचावाचा वकील झालेला मॅक्सिमिलियन शेल न्यायालयात जर्मन भाषेत बोलायला लागतो, कॅमेरा झपकन त्याच्या चेहऱ्याजवळ जातो आणि त्या क्षणापासून तो इंग्रजी बोलतो. ‘द हंट फॉर रेड ऑक्टोबर’मध्ये (१९९०) सोव्हिएत पाणबुडीवरचा राजकीय अधिकारी रशियन भाषेत पुस्तक वाचत असतो, कॅमेरा हळूहळू त्याच्या ओठांपाशी पोचतो आणि ‘आर्मागेडन’ हा दोन्ही भाषांना समाईक असलेला शब्द उच्चारता उच्चारता भाषा बदलते. याहून देखणा उपाय मी पाहिलेला नाही.

दुसरा उपाय म्हणजे परक्या समाजातल्या उच्चनीचतेसाठी आपल्याच भाषेतल्या ढबी वापरणे. ‘स्पार्टाकस’मध्ये (१९६०) रोमन सत्ताधीश लॉरेन्स ऑलिव्हिए आणि चार्ल्स लॉटन हे ब्रिटिश नट आहेत, तर बंड करणारे गुलाम कर्क डग्लस आणि टोनी कर्टिस हे अमेरिकन. लॅटिन ढब कोणाचीच नाही, पण कोण मालक आणि कोण गुलाम हे अमेरिकन प्रेक्षकाला न सांगता कळते. पु. ल. देशपांडे यांनी शॉच्या ‘पिग्मॅलियन’ची ‘ती फुलराणी’ केली तेव्हा त्यांच्यापुढे हाच प्रश्न होता, कारण ते नाटक उभेच आहे लंडनच्या ढबींवर. त्यांनी लंडन मराठीत आणण्याचा खटाटोप केला नाही. मराठीतलीच अशुद्ध समजली जाणारी बोली आणि मराठीतलेच शुद्धतेचे अवडंबर समोरासमोर उभे केले. भक्ती बर्वे यांची मंजुळा पाहिलेल्या प्रेक्षकांना कॉकनी म्हणजे काय ते निराळे समजावून सांगावे लागत नाही.

चांगला शिक्षक ठेवला की काम होते का?

होते, पण शिक्षकाची निवड चुकली तर घोटाळाही होतो. व्हॅन डाइक सांगत असे की त्याला कॉकनी शिकवायला दिलेल्या पॅट ओमॅली या नटाला स्वतःलाच ती धड येत नव्हती आणि भोवती एवढे ब्रिटिश कलाकार असून त्याला कोणी टोकले नाही. आज मोठ्या चित्रपटांवर ढबीचे खास शिक्षक नेमलेले असतात. ते त्या भागातल्या माणसांची ध्वनिमुद्रणे ऐकवतात, संवाद ध्वनिलिपीत लिहून देतात आणि चित्रीकरणाच्या वेळी कानाला हेडफोन लावून बसतात. खरे तर आपली वर्णमाला हीच या विद्येची जुनी धुळपाटी आहे: कंठ्य, तालव्य, मूर्धन्य, दंत्य, ओष्ठ्य असा जिभेचा घशापासून ओठांपर्यंतचा प्रवास आपण पहिलीतच पाठ करतो आणि नंतर विसरतो.

मेहनतीने काय साधते याचे ठळक उदाहरण मेरिल स्ट्रीपचे. ‘सोफीज चॉइस’साठी (१९८२) ती नुसती पोलिश ढब शिकली नाही, तर पोलिश आणि जर्मन या भाषांचे धडे तिने घेतले, परिणामी तिच्या इंग्रजीतल्या चुका त्या भाषांच्या व्याकरणातून आलेल्या वाटतात, वरून चिकटवलेल्या वाटत नाहीत. आपल्याकडचे उदाहरण लोकलगाडीतले आहे. अनिल विश्वास यांनी नवख्या लता मंगेशकरांची दिलीपकुमार यांच्याशी ओळख करून दिली, तेव्हा मराठी माणसांच्या उर्दूला डाळभाताचा वास येतो असे काहीसे दिलीपकुमार म्हणाले, ही आठवण लताबाईंनीच अनेकदा सांगितली आहे. त्यांनी ते मनाला लावून घेतले आणि एका मौलानांकडे उर्दूची शिकवणी सुरू केली. दिलीपकुमारांचे वाक्य टोचणारे होते, पण व्हॅन डाइकला जे मिळाले नाही ते लताबाईंना लोकलच्या त्या डब्यात मिळाले.

शिकणे शक्य नसेल तेव्हा आवाजच बदलून टाकता येतो. ‘गोल्डफिंगर’मधला (१९६४) खलनायक गर्ट फ्रोबे हा जर्मन नट होता, त्याचे इंग्रजी चालण्यासारखे नव्हते म्हणून मायकेल कॉलिन्स या इंग्रज नटाने त्याला आवाज दिला. म्हणजे पडद्यावर अस्सल जर्मन माणूस आहे आणि त्याच्या तोंडून येणारी जर्मन ढब इंग्रज माणसाने काढलेली आहे.

अंधेरीच्या एका डबिंग स्टुडिओत काही वर्षांपूर्वी मी एक सकाळ घालवली होती. परदेशी चित्रपटाला हिंदी आवाज देण्याचे काम चालू होते आणि काचेपलीकडे एक अनुभवी कलाकार रशियन खलनायकाची वाक्ये म्हणत होता. पहिल्या टेकनंतर दिग्दर्शक बटण दाबून म्हणाला, ‘‘भाई, थोडा और रशियन.’’ दुसऱ्या टेकमध्ये र लांबला. ‘‘बहुत हो गया, समझ में नहीं आ रहा.’’ तिसऱ्यात तो मध्यावर आला आणि वाक्य मंजूर झाले. चहाच्या वेळी मी त्या कलाकाराला विचारले की हा रशियन त्यांनी कुठे ऐकला. ‘‘रशियन माणूस मी आयुष्यात पाहिलेला नाही,’’ ते म्हणाले, ‘‘आमच्या आधीच्या लोकांनी जसा केला तसा मी करतो. खरा केला तर पब्लिकला वाटेल मी तमिळ बोलतोय.’’ तिथे खोलीत रशियन असे कोणीच नव्हते, ना काचेच्या या बाजूला ना त्या. मोजमाप होते ते फक्त हिंदी प्रेक्षकाच्या अपेक्षेचे.

आणि मोठ्या नटाला सांगणार कोण?

शॉन कॉनरीच्या बाबतीत हा प्रश्न सुटूनच गेला होता. ‘हायलँडर’मध्ये (१९८६) स्कॉटलंडचा हा नट इजिप्तमध्ये जन्मलेला आणि स्पॅनिश नाव धारण करणारा तलवारबाज आहे, बोलतो मात्र स्कॉटिश, आणि त्याच चित्रपटातला खराखुरा स्कॉटिश नायक झाला आहे फ्रेंच बोलत वाढलेला क्रिस्तोफर लँबर्ट. पुढच्याच वर्षी ‘द अनटचेबल्स’मध्ये कॉनरीने शिकागोचा आयरिश पोलिस केला, ढब पुन्हा बरीचशी स्कॉटिशच राहिली आणि त्या भूमिकेसाठी त्याला ऑस्कर मिळाले. प्रेक्षक कॉनरीला ऐकायला येत होते, हे निर्मात्यांना ठाऊक होते.

गंमतच आहे, एवढे मनावर का घ्यायचे?

कॉनरीच्या आयरिश ढबीने कोणा आयरिश माणसाची भाकरी गेली असे म्हणता येणार नाही, म्हणून तिथे हसून सोडून देता येते. सगळीकडे तसे नाही. ‘ब्रेकफस्ट अ‍ॅट टिफनीज’मध्ये (१९६१) मिकी रूनीने केलेला जपानी शेजारी किंवा ‘द पार्टी’मध्ये (१९६८) चेहऱ्याला तपकिरी रंग फासलेल्या पीटर सेलर्सचा भारतीय नट यांतली ढब त्या समाजाला हसण्याचे हत्यार झाली होती. सेलर्सचा कान विलक्षण तयार होता, आपल्या बोलण्यातला हेल त्याने बारकाईने टिपला होता, हेही मान्य करायला हवे. पण टिपण्याच्या अचूकतेने हा प्रश्न मिटत नाही.

प्रश्न कामाचाही आहे. चिनी शेतकऱ्यांवरच्या ‘द गुड अर्थ’ या १९३७ सालच्या चित्रपटात नायिका झाली लुईझ रायनर ही ऑस्ट्रियात वाढलेली नटी. तिच्या इंग्रजीवर जर्मन भाषेची छाया होती आणि तिला त्या भूमिकेसाठी ऑस्करही मिळाले. ज्या भूमिकेची स्वप्ने लॉस एंजेलिसमध्ये जन्मलेल्या अ‍ॅना मे वाँग या चिनी वंशाच्या नामांकित नटीने पाहिली होती, ती तिला मिळाली नाही. या वाँगच्या नशिबी ढबीचा दुसराच फेरा आला होता. १९२९ साली लंडनच्या रंगभूमीवर तिने चिनी कथानकावरचे नाटक केले, तेव्हा तिथल्या समीक्षकांनी तिच्या अमेरिकन उच्चारांची टर उडवली. चिनी चेहऱ्यातून कॅलिफोर्नियाचे बोलणे त्यांना सोसवले नाही. तिने शिकवणी लावून उच्चभ्रू इंग्रजी ढब कमावली. चिनी नायिकेच्या तोंडी इंग्रज लॉर्डाची ढब मात्र कोणालाही खटकली नाही!

आपल्या घरातही हे दिवे आहेत. ‘पडोसन’मधला (१९६८) मेहमूदचा दाक्षिणात्य संगीतशिक्षक मुंबईत खळखळून हसत पाहिला गेला, पिढ्यान्‌पिढ्या पाहिला जातो, मीही पाहतो. तमिळ शेजाऱ्याबरोबर तो पाहताना आपण किती हसतो, हे प्रत्येकाने आपले आपण पाहावे. हिंदी पडद्यावरच्या मराठी मोलकरणीची गोष्ट निघाली की हाच मुद्दा आपल्याला एका क्षणात पटतो.

मग अस्सल माणूस घ्यावा, प्रश्न मिटला?

‘कॅसाब्लांका’त (१९४२) असे अस्सल लोक भरपूर आहेत. नावनिशीवार श्रेय मिळालेल्या कलाकारांत अमेरिकेत जन्मलेले फक्त तिघे होते. बाकीच्यांपैकी अनेक जण खरोखरच युरोपातून परागंदा झालेले होते आणि त्यांच्या इंग्रजीतले अडखळणे अभिनयाचा भाग नव्हते. पण अस्सलपणाची किंमत बघा: त्यातला क्रूर नाझी मेजर झाला कॉनराड व्हाइट, जो स्वतः नाझींच्या जाचामुळे जर्मनी सोडून आलेला होता. ज्या लोकांपासून पळ काढला त्यांचेच गणवेश त्याच्या ढबीने त्याला पुन्हा अंगावर घालायला लावले.

आणि आपल्याकडे टॉम ऑल्टर. मसुरीत १९५० साली जन्मलेला, पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये शिकलेला, मुंबईत राहिलेला हा अमेरिकन वंशाचा नट हिंदी-उर्दू अशी बोलत असे की उत्तरेतल्या माणसानेही ऐकत राहावे. हिंदी चित्रपटांनी मात्र त्याचा गोरा रंग पाहून त्याच्या हातात बहुतेक वेळा साहेबाची छडी दिली आणि त्या छडीबरोबर ‘टुम’ ही आले. ज्याला त सहज येत होता त्याने प्रेक्षकांसाठी तो चुकीचा म्हणायचा, कारण प्रेक्षकांच्या डोळ्यांनी त्याच्या तोंडाविषयी आधीच निकाल दिलेला होता. सत्यजित राय यांनी १९७७ सालच्या ‘शतरंज के खिलाड़ी’त हे टाळले: त्यातला ऑल्टरचा कॅप्टन वेस्टन उर्दूचा चाहता आहे आणि जनरल औट्रमला नवाब वाजिद अली शाहची कविता आधी उर्दूत म्हणून दाखवतो, मग तिचा अर्थ सांगतो. पुढे रंगमंचावर ऑल्टरने मौलाना आझाद यांची एकपात्री भूमिका उर्दूतून केली.

त्या रविवारी रात्री भाच्याने ऑल्टरची एक जुनी मुलाखत मोबाइलवर लावली. आई स्वयंपाकघरात ओटा पुसत होती, पडदा तिला दिसत नव्हता, आवाज तेवढा येत होता. तिने हातातले काम थांबवून थोडा वेळ ऐकले आणि तिथूनच विचारले, ‘‘कोण रे हे? लखनौकडचे का?’’